हलवायाची बिनकडीची कोठी

फार पूर्वी, गावाला लागणारं प्रत्येक कुलूप गावातच घडायचं, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात चिंचेखाली कारागिरांचा कट्टा भरायचा. कुणीही यावं, अडचण सांगावी आणि सल्ला घेऊन जावं.

एकदा केरबा हलवाई आला. मिठाईच्या कोठीचं दार कडीशिवाय, नुसत्या धक्क्यानं उघडेल असं कसं करायचं, ते त्याला विचारायचं होतं. सगळा कट्टा हसला. असल्या वेडेपणाला आपला हात लागणार नाही, असं तुळाजी लोहारानं सांगून टाकलं. गणू सुताराचं म्हणणं, कोठी त्याची आहे, विचारतोय तर सांगावं. सांगावं की सांगू नये यावर दोघांची जुंपली. केरबा मध्ये दोनदा बोलायला गेला, पण त्याला गप्प बसवलं. शेवटी तो घरी गेला आणि त्यानं स्वतःच कडी उपटून काढली. कट्ट्यावर वाद चालूच होता.

तिसऱ्या दिवशी पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. सकाळी कोठीतून फुरफुरण्याचा आवाज आला. एक मोकाट म्हैस दार ढकलून आत शिरली होती. दार आत उघडणारं, त्यामुळे तिला बाहेर पडता येईना. तिची तशी काही तक्रारही दिसत नव्हती. पाचशे बुंदीच्या लाडवांपैकी अकरा उरले होते.

कट्टा धावत आला. म्हशीला बाहेर काढल्यावर तुळाजीनं नवी कडी ठोकली आणि केरबाला फैलावर घेतलं. पण संध्याकाळी पंगत बसणार होती. केरबाच्या बायकोनं सगळ्यांना ओळीनं बसवून लाडू वळायला लावलं.

पहिली परात भरली. ती कोठीत ठेवायला तुळाजी उठला. हात तुपानं माखलेले. कडी एकदा सटकली, दोनदा सटकली. तिसऱ्यांदा त्यानं दाराला लाथ घातली. दार हललं नाही.

"रोज असंच होतं?" त्यानं विचारलं.

"दिवसातून चाळीस वेळा," केरबा म्हणाला. "तेच सांगायला आलो होतो."

तुळाजीनं परात खाली ठेवली आणि तो भट्टीकडे गेला. दुपारपर्यंत त्यानं कोपरानं उचलता येईल अशी लांब दांड्याची कडी घडवली. गणूनं दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं फिरवून बसवलं. लाडू वेळेवर पंगतीत पोचले.

तेव्हापासून कट्ट्यावर कुणी काही मागितलं, की तुळाजी आधी त्याला बसवून घेई आणि असं का हवंय ते विचारी. गणू मात्र अखेरपर्यंत सांगत राहिला की वाद आपणच जिंकला होता.

तात्पर्य इतकंच: धोक्याचा उपाय मागणाऱ्याला हाकलू नये आणि तो उपाय तसाच त्याच्या हातातही देऊ नये, आधी त्याची अडचण ऐकावी, धोका सांगावा आणि मग त्याचं काम नीट होईल असं करून द्यावं.