जबाबदारी कुणाची?

देवबागच्या खाडीत हेमलता जुवाटकर पर्यटकांना शिडाच्या होडीतून फिरवायची. होडी सहा जणांची. एकदा सभापती दौलतराव घरच्या आठ जणांना घेऊन आले आणि सगळ्यांसकट होडीत चढून बसले. लाइफ जॅकेट सर्वांत आधी त्यांनीच अंगात चढवलं.

हेमलता म्हणाली, "साहेब, तिघांनी उतरायला हवं. वारा वाढलाय."

"होडी सोड! नाहीतर उद्यापासून तुझा धंदा बंद."

"खुशाल बंद करा. जास्त माणसं घेऊन मी निघणार नाही."

"अगं, काही होत नाही. सगळ्यांची जबाबदारी माझी!"

"तुमची ना? जॅकेटं सहाच आहेत. तुमच्या आई तशाच बसल्यात. तुमचं काढून त्यांना घाला, मग जबाबदारीचं बोलू."

दौलतरावांचा हात जॅकेटच्या पट्ट्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

शेवटी आईच उठल्या. "दौलत, आधी तू उतर. मग मला हात दे."

दोघांच्या मागोमाग मेहुणाही मुकाट्यानं उतरला. हेमलतानं दौलतरावांच्या अंगातलं जॅकेट मागून घेतलं आणि शीड उभारलं.