टेबलावरचं तुझं उचल

“...आणि पुसल्यावर आत काय उरेल?” यासीनचाचांनी विचारलं.

“कोरं करकरीत मशीन उरेल,” द्वारका म्हणाली. “अर्ध्या तासात उभं करते. तुम्ही नुसतं बघा.”

“आणि यादी?”

द्वारकानं डब्याचा एक स्क्रू उगाच घट्ट केला.

यासीनचाचा पेठेतले जुने कारागीर. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. द्वारका सहा वर्षं त्यांच्या हाताखाली. चौथी शिकलेली बाई मशीन उघडते म्हणून पेठ हसायची. हसणाऱ्याला ती दारातच धरायची, त्याच्या बापजाद्यांची शाळा काढायची आणि मगच सोडायची.

आज टेबलावर महिला मंडळाचा कॉम्प्युटर होता. सकाळपासून सुरू होईना. आत साडेतीनशे बायकांची यादी. दारूचं दुकान उठवा म्हणून सह्या केलेल्या बायका. सह्यांचे कागद दुकानदाराच्या माणसांनी परवा फाडले. आता यादी नव्यानं छापायची, नव्यानं सह्या घ्यायच्या, पाच वाजता चावडीत येणाऱ्या साहेबांच्या हातात द्यायची. आजचा दिवस गेला की दुकान राहिलं. बायका बाहेर पायरीवर बसून होत्या, उठायला तयार नव्हत्या.

एव्हाना बारा वाजून गेले होते.

काय काय केलंस, चाचांनी विचारलं. द्वारकानं धाडधाड सांगितलं. सकाळी पंखा फिरायचा, पण पडदा काळा आणि नुसती पीं पीं. तिनं रॅमची पट्टी काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली. पीं पीं थांबली. पडद्यावर अक्षरं आली, पण एकच ओळ, की सुरू करायला काही सापडत नाही. मग वायरी बदलल्या. आतला सेल बदलला. ओळ हलेना. म्हणजे डिस्कमधलंच सगळं बिघडलं. पुसून नवं टाकायचं, दुसरा इलाज नाही. नवं टाकायची सीडी तिच्या हातात तयार होती.

चाचांनी मशीनला बोटही लावलं नाही.

“टेबलावरचं तुझं आहे तेवढं उचल.”

“वेळ नाही, चाचा.”

“उचल.”

तिनं आदळआपट करत उचललं. स्क्रू ड्रायव्हर, खोडरबर, ब्रश, चष्म्याचं घर, सीडी. सगळं पिशवीत कोंबलं.

“झालं.”

“अजून आहे.”

“काही नाही.”

चाचांनी टेबलाकडं नुसती मान उडवली.

“बाहेर बायका बघतायत, चाचा. माझं हसं करायचंय का तुम्हाला? मी हे मशीन चालू केल्याशिवाय उठत नाही. कुणी सांगितलं तरी नाही.”

“उठू नको,” चाचा म्हणाले. “पण तुझं अजून आहे.”

नाहीच, हे दाखवायला ती तरातरा टेबलाला वळसा घालून मागं गेली.

मशीनच्या डब्याच्या पाठीमागं, वायरींच्या गुंत्यात, तिचाच पेनड्राइव्ह. सकाळी सगळ्यात आधी तपासायला म्हणून तिनंच खोचलेला. मशीन दर वेळी पहिल्यांदा त्यात शोधायचं. तिथं काही मिळायचं नाही, आणि तिथंच अडायचं.



तिनं तो उपटून काढला आणि बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. यादी जागच्या जागी होती. प्रिंटर कुरकुरत पानं टाकू लागला. पहिलं पान बाहेर गेलं तसं पायरीवरच सह्या सुरू झाल्या. जिला सही येत नव्हती तिनं अंगठा पुढं केला. दुकानदाराची माणसं समोरच्या टपरीवरून बघत होती. एकही बाई तोंड लपवत नव्हती.

द्वारकाही नमली नव्हती.

“रबर घासला तेव्हाच मशीन दुरुस्त झालं होतं,” ती म्हणाली. “म्हणजे केलं मीच.”

“तूच.”

“मग आता काय, परत हात लावू नको म्हणाल?”

“लाव की.”

तिनं शेवटचं पान घेतलं, पायात चपला सरकवल्या. साहेबांसमोर कोण काय बोलतं ते बघतेच, असं बाहेरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

ती उंबऱ्यावर पोचली तेव्हा चाचांनी हाक मारली.

“द्वारके... त्यांनी यादी फाडली ती धंद्यापायी. तू कशापायी पुसत होतीस, तेवढं चावडीपर्यंत चालताना बघ.”