वारावर जेवणाऱ्या गोजरची कहाणी

सरकून बसा ग बायांनो, पोरांना मांडीवर घ्या. ऐक पिठोरीमाते, तुझी कहाणी. माझी आई ही सांगायची तेव्हा घरभर खिरीचा वास असायचा, आणि आम्ही भावंडं तिचा पदर धरून बसायचो. असो.

आटपाटाचं एक नगर होतं. तिथं गोजर नावाची पोर होती. पटकीची साथ आली, तिचे आईबाप गेले. मग नगरानं काय केलं? तिला वार लावून दिले. सोमवारी साळ्याकडं जेवायचं, मंगळवारी तेल्याकडं, बुधवारी कासाराकडं, अशी सात वारांची सात घरं. पोर उपाशी नाही म्हणून नगर खूश. पण ती साती घरची पाहुणी, एकाही घरची लेक नाही. पानात पडेल ते खाई, हूं की चूं करीत नसे. बाया म्हणत, "गुणाची ग बाई."

मग श्रावणाची अवस आली, पिठोरीचा दिवस. आया डोक्यावर वाण धरून पाठीमागं विचारतात, "अतीत कोण?" अतीत म्हणजे अतिथी हो. मागून लेकरू म्हणतं, "मी." गोजरला वाटलं, आपणही कुणाच्या पाठीशी उभं राहावं. त्या दिवशी शनिवार, आणि शनिवारचं घर गावाला गेलेलं. मग ती साळिणीकडं गेली. साळीण म्हणाली, "आज तुझा वार इथं नाही." तेलिणीकडं गेली. तेलीण म्हणाली, "आज तुझा वार इथं नाही." कासारणीकडं गेली. कासारीण म्हणाली, "आज तुझा वार इथं नाही, बाई." मग पोर देवळाच्या ओट्यावर जाऊन बसली.

इकडं आयांनी विचारलं, "अतीत कोण?" उत्तर येईना. वळून बघतात तो सगळ्या पोरांची वाचा गेलेली. आया रडत देवळाशी आल्या. ओट्यावर गोजरजवळ एक म्हातारी बसली होती, ती पिठोरीच हो. म्हणाली, "माझ्या लेकीला अन्न दिलंत, घर दिलं नाहीत. ती हट्ट करील, तेव्हा तुमची पोरं बोलतील."

कासारणीनं गोजरला कडेवर घेतलं, घरी आणलं. नवा परकर दिला. "आवडला?" "हो." बांगड्या भरल्या. "आवडल्या?" "हो." खीर वाढली. "आणखी काय हवं?" "काही नको." मेली पोर हट्ट म्हणून करीना. रोज विचारी, "उद्या कुणाकडं?" कासारीण म्हणे, "इथंच." मग कासारीण तिची वेणी घाली, चिखलाचे पाय आणले तर रागे भरे, ताप आला तर उशाशी बसे. होता होता पोरीचं विचारणं थांबलं.

मग एके दुपारी पानात भोपळा पडला. गोजरनं ताट लोटलं. म्हणाली, "मला नको भोपळा. आई, दुसरं कर." आणि जे भोकाड पसरलं, की तीन गल्ल्यांना ऐकू गेलं. कासारीण उभ्या उभ्या रडायला लागली. तोच तिचा मुका लेक ताट लोटून म्हणाला, "आई, मलापण नको."

जशी पिठोरी कासारणीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. पोरक्या लेकराला वार नको, घर मिळो. साठां बोलांची कहाणी पांचां बोलांत सांगितली, सुफळ झाली, पुरी झाली.