हरवलेलं डराँव

उल्काताई खेळ बनवते. तिच्या संगणकात एक खेळ. खेळात एक तळं. तळ्यात एक बेडूक. एकटाच.

पलीकडे दाट धुकं. धुक्यात दुसरा बेडूक. तो दिसत नसे. नुसता ऐकू येई.

हा म्हणे, "डराँव!"

तो म्हणे, "डराँव!"

एवढीच सोबत.

एके दिवशी ताईने खेळात नवी ढोलकी आणली. खेळ पुन्हा जुळवला. आणि बेडकाचं डराँव हरवलं!

तोंड उघडलं. डराँव नाही. गाल फुगवले. डराँव नाही. पलीकडेही सगळं गप्प.

बेडूक निघाला. डुबुक डुबुक. तळ्याकाठच्या बाजाच्या पेटीकडे आला. तिच्याच सुरावर त्याचं डराँव निघे.

"पेटीबाई, पेटीबाई, सूर दे. डराँव हरवलं, मी एकटा पडलो."

पेटी म्हणाली, "ढोलकी वाजेल, तर मी वाजेन. जा!"

डुबुक डुबुक. ढोलकीकडे आला.

"ढोलकीबाई, ढोलकीबाई, वाज ना. पेटी वाजेना, डराँव हरवलं, मी एकटा पडलो."

ढोलकी म्हणाली, "ठेका येईल, तर मी वाजेन. जा!"

डुबुक डुबुक. ठेक्याकडे आला.

"ठेकादादा, ठेकादादा, ये ना. ढोलकी वाजेना, पेटी वाजेना, डराँव हरवलं, मी एकटा पडलो."

ठेका म्हणाला, "कसा येऊ? पेटीला हवा ठेका नंबर एक, हळूहळू. ढोलकीला हवा ठेका नंबर तीन, भरभर. कुणाचं ऐकू? ताई नंबर देईल, तर मी येईन. जा!"

डुबुक डुबुक. संगणकाच्या काचेशी आला. काचेला नाक लावलं.

"ताई, ताई, नंबर दे. ठेका येईना, ढोलकी वाजेना, पेटी वाजेना, डराँव हरवलं, मी एकटा पडलो."

ताई म्हणाली, "एक दिला, की ढोलकी रुसते. तीन दिला, की पेटी रुसते. जा, विचारून ये. दुसरं काय चालेल?"

डुबुक डुबुक.

"पेटीबाई, एक नसेल तर?"

"दोन चालेल."

डुबुक डुबुक.

"ढोलकीबाई, तीन नसेल तर?"

"दोन चालेल."

"मग आधी का नाही बोललात?"

"आम्हाला विचारलं कुणी?"

बेडूक धावत ताईकडे. "दोन! दोन!"

ताईने दोन लिहिला. टक!

ठेका आला. ता धिन, ता धिन.
ढोलकी वाजली. ढुम ढुम.
पेटी वाजली. पोंऽऽऽ.
बेडकाने गाल फुगवले.

"डराँव!"

धुकं गप्प.

बेडूक थांबला. कान दिला.

मग लांबून, अगदी लांबून आलं,

"डराँव!"

झाली गोष्ट. आता बाळा, तू म्हण.