हिज्किया राजाच्या भिंतीला चुना का लावतात

मी सांगते यातला एक शब्द खरा मानून दाखवा, मग तुम्ही खरे. नाही जमायचं.

ही भिंत बघा. घर पडलं, तेलाचा घाणा मोडला, ही एकटीच उभी, पांढरीफेक. हिला हिज्किया राजाची भिंत म्हणतात. राजा इथं कधी आला नव्हता हं. तो आम्हा बेने इस्रायलांचा, म्हणजे इथल्या यहुदी लोकांचा राजा, तिकडं यरुशलेमचा, फार फार जुना. पण आमच्याकडं त्याची गोष्ट अशी सांगायचे, जसा काय तो पलीकडच्या आळीत राहायचा.

मोठा भला राजा होता म्हणे. शहराला वेढा पडणार कळल्यावर खडक फोडून पाणी आत आणलं. पुढं अंगावर गळू आलं आणि मरणाला टेकला. देवानं नबीकडून निरोप धाडला, निरवानिरव कर. राजानं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि लेकरागत रडला. देव विरघळला. नबी अंगणातच होता, तोवर दुसरा निरोप, आणखी पंधरा वर्षं दिली. मग अंजिराचा लगदा बांधला आणि राजा उठला.

आता आमचा एलोजी. या घाण्याचा तेली, शनवारी घाणा बंद ठेवणारा. त्याच्या पाठीवर काळपुळी उठली. आमचं धर्माचं बघायचा तो काजी. तो येऊन म्हणाला, काही खरं नाही, आणि जाता जाता धीर म्हणून ही राजाची गोष्ट सांगून गेला. एलोजी पालथा पडलेला, त्याला मान वळवेना, भिंतीकडं तोंड कसं करणार? मग त्याची बायको सिपोराबाई उठली. अंजीर कुठलं मिळायला, परसातली उंबरं ठेचली, तिळाच्या तेलात शिजवून पाठीवर बांधली, आणि नवऱ्याच्या जागी आपणच भिंतीला तोंड लावून उभी राहिली. असं सांगतात, ती रडली नाही, भांडली.

"राजाला आकडा सांगितलास. मग चौदाव्या वर्षी त्याच्या राणीच्या घशाखाली घास कसा उतरला असेल? मला दे, पण किती ते सांगू नकोस."

तिसऱ्या दिवशी पुळी फुटली. एलोजीनं भाकर मागितली.

पण काजीला कुठं राहवतंय. गावभर सांगत सुटला, एलोजीला राजासारखी पंधरा मिळाली. एलोजीनं ते मनात धरलं. नव्याचा सण म्हणजे आमच्या वर्षाचा पहिला दिवस. दर सणाला तो या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायचा. पहिल्या रेघा मजेत गेल्या. दहाच्या पुढं गडी हसेनासा झाला. बैल मेला तर नवा घेईना. माडाची रोपं शेजारी देऊन टाकली, म्हणे नारळ धरायच्या आत मी जाणार. माणूस जिता आणि घरात सुतक.

एकदा तो बाजाराला गेलेला बघून सिपोराबाईनं चुना कालवला आणि अख्खी भिंत पांढरी केली. एलोजी येऊन बघतो तर डोक्याला हात. त्यानं सगळं भिंतीवर ठेवलेलं, डोक्यात काही नाही.

"किती होत्या गं?"

"मला मेलीला कुठं मोजता येतं," ती म्हणाली. गावाला मापानं तेल विकणारी बाई.

शेजारणींना विचारलं. एक म्हणाली नऊ, एक म्हणाली सतरा, तिसरी म्हणाली, कसल्या रेघा? सगळ्या तिनंच पढवलेल्या. दोन महिने फुगून बसला, मग गपचूप एक माड लावला. त्या माडाचं खोबरं त्यानं दात पडेस्तोवर खाल्लं म्हणतात. किती वर्षं, ते कुणाला ठाऊक नाही.

आजही नव्याच्या सणाआधी बायका हिला चुना देतात, आणि या गावात कुणी कुणाला वय विचारत नाही. आम्ही वीस-वीस जणी असायचो. भिंतीपेक्षा एकमेकींची तोंडंच जास्त रंगायची. मग एकेक घर इस्रायलला गेलं. आता मी आणि आगऱ्यांची पोशीबाय, दोघीच. तिला ना हिज्किया ठाऊक, ना आमचा सण. पण तिचा नवरा अंथरुणाला आहे आणि डॉक्टरनं तिला आकडा सांगितलाय. ती तो बोलत नाही, मी विचारत नाही. यंदा माझ्या आधी येऊन तिनंच चुना भिजत घातलाय.

ती बघा आली. तुम्ही जा आता.