घटाचे तुरे

"मग त्यात जीव नाही, एवढं तरी मान्य करा, बाबा."

डॉ. सुलक्षणा देवकाते यांचा आवाज चढला होता. मठात असं कुणी बोलत नसे. पण जी बाई दिल्लीत मंत्र्यांपुढे दबली नाही, ती म्हादनाथबाबांपुढे काय दबणार!

दसऱ्याची सकाळ. बाबा घटापुढे बसलेले. नऊ दिवसांपूर्वी मातीत पेरलेलं धान्य वीतभर वाढून पिवळंधमक झालं होतं. बाबांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. कंपवात. दोन वर्षं झाली त्याला.

बाईंचं आयुष्य याच दुखण्यामागे गेलेलं. वंध्यत्वाच्या दवाखान्यांत उरलेले, टाकून द्यायचे ठरलेले भ्रूण आईबापांच्या संमतीनं घ्यायचे आणि त्यांच्या मूळ पेशींपासून मेंदूच्या नव्या पेशी वाढवायच्या, हे त्यांचं काम. आता अशा कामाचा सरकारी पैसा बंद करणारा कायदा येऊ घातला होता. परवा त्या कायद्यावरच्या समितीपुढे बाईंची साक्ष. समितीचे अध्यक्ष बाबांचे जुने शिष्य. बाबांनी त्यांना चार ओळींची चिठ्ठी दिली तर प्रयोगशाळा वाचणार होती, नाहीतर सात वर्षांच्या कामाला कुलूप.

"काय सांगणार आहेस, वाच."

बाईंनी कागद उघडला. "हा टाचणीच्या टोकाएवढा पेशींचा गोळा आहे. त्यापलीकडे काहीही नाही."

"काहीही नाही?"

"नाही. आणि ज्यांना त्या गोळ्याचा एवढा पुळका येतो ना, त्यांनी एकदा अशा रोग्याला जेवताना बघावं. माझ्या वडिलांचा घास ओठांपर्यंत जाईस्तोवर अर्धा सांडायचा."

बाबा घटाकडे वळले.

मग म्हणाले, "तुरे काढायचेत. माझ्या हातानं जमत नाही. तू काढ."

बाई चिडल्याच. आपण काय मागायला आलो आणि हे काय सांगतायत! तरी पदर खोचून पुढे सरकल्या. डोळे मिटून घटाला हात जोडले आणि एक तुरा मुळासकट हळूच उपटला.

"हात का जोडलेस?"

"सवय. आई जोडायची."

"गवतच तर आहे."

बाईंनी मुळांना चिकटलेली ओली माती बोटांनी सोडवली.

"आणि प्रयोगशाळेत?"

बाईंची मान खाली गेली. भ्रूण ठेवलेली काचेची पहिली बशी उघडताना, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्या रोज हात जोडत. सात वर्षांत ही गोष्ट कुणाला कळली नव्हती. कळली असती तर हाताखालच्या पोरी हसल्या असत्या.

"तिथंही," त्या म्हणाल्या.

"मग थांबतेस?"

"नाही थांबत. थांबणारही नाही."

"कागदात हे नाही."

"कसं असेल? उद्या म्हणतील, बघा, त्यात जीव आहे हे हिलाही कळतंय. आयतं कोलीत मिळेल त्यांना."

"मिळू दे."

"पैसा बंद होईल, बाबा."

"होईल कदाचित."

"मग तुमचा हा हात असाच थरथरत राहील."

"माझा हात पुढे करून मागू नकोस."

…

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि 'त्यापलीकडे काहीही नाही' या ओळीवर अशी काट मारली की कागद फाटला.

"ठीक आहे. हात जोडते हेही सांगते, आणि जोडून बशी उघडते हेही सांगते. करू दे त्यांना काय करायचं ते."

बाबांनी तो तुरा उचलला. बाईंच्या केसांत खोवताना दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला.

चिठ्ठीचं नाव बाईंनी पुन्हा काढलं नाही. बोटं ओल्या मातीनं भरली होती. त्या उठून दाराशी रांजणाकडे वळल्या.

"हात धुऊ नकोस," मागून बाबा म्हणाले. "तसेच घेऊन जा."