आधी फोटो

“मग फोटो काढायचा तरी कधी, सर? माणूस गेल्यावर?”

असं विचारणारा डॉ. कौस्तुभ अकोलकर. विद्यापीठात पहिला आलेला, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. हातात एक्सरेची चिठ्ठी, सही ठोकून तयार.

तालुक्याचं सरकारी रुग्णालय. अपघात विभाग, भर दुपार. पलंगावर सिकंदर तडवी. मोटरसायकलवरून पडलेला, हँडल छातीत बसलेलं. ओठ निळे. श्वास घेत होता की गिळत होता, कळत नव्हतं.

त्याच्या भावाने हात जोडले. “आधी फोटो काढा साहेब. आत काय मोडलंय ते कळू द्या.”

“बघा सर. यांनासुद्धा कळतंय.”

डॉ. शिरसाट निवृत्तीला आलेले. शर्टाचं एक बटण नाही. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलंही नाही.

“गळ्याला हात लाव.”

“सर, एक्सरे अंगणापलीकडे आहे, उशीर...”

“लाव.”

अकोलकरने बोट टेकवलं. श्वासनलिका मध्यावर नव्हती, डावीकडे सरकली होती. मानेच्या शिरा दोरासारख्या तटतटलेल्या.

“उजव्या छातीत काय ऐकू येतंय?”

अकोलकरने स्टेथोस्कोप लावला.

“...काहीच नाही.”

“मग फोटो तुला काय सांगणार?”

“खात्री, सर.”

शिरसाटांनी उजव्या बरगड्या बोटाने मोजल्या. सिस्टरने न मागता जाड सुई हातात दिली. त्यांनी ती उजव्या छातीत वरच्या बाजूला सरळ आत घातली.

फुस्स...

ट्यूबचा वॉल्व्ह दाबावा तशी कोंडलेली हवा बाहेर आली.

सिकंदरने पोटभर श्वास ओढला. डोळे उघडले. म्हणाला, “गाडी कुठंय माझी?”

“गाडी गेली खड्ड्यात!” भाऊ ओरडला, आणि रडायला लागला.

शिरसाटांनी बरगड्यांमधून नळी घातली. टाके घेतले. हात धुतले.

अकोलकर अजून ताठच. “आणि चुकलं असतं तर, सर?”

प्रश्न खोटा नव्हता.

म्हातारे डॉक्टर अशा वेळी आवाज चढवतात. नाहीतर ‘आमच्या काळी’ सुरू करतात. स्वतःची चूक झालेली असेल तर फाईल गहाळ होते, आणि त्यांचाच मोठा फोटो वऱ्हांड्यात लागतो. अशांच्या पाया पडायला सांगतात आपल्याला.

शिरसाटांनी टेबलाचा वरचा खण उघडला. खाकी पाकीट काढलं. आत एक जुनी एक्सरे फिल्म.

“वाच.”

अकोलकरने ती खिडकीच्या उजेडात धरली. एका दमात वाचली. “उजवं फुफ्फुस मिटलंय. बाहेर हवा कोंडलीय. हृदय डावीकडे ढकललं गेलंय. पुस्तकात छापावा असा फोटो आहे, सर! कोणी पाठवलं होतं काढायला?”

“मी. खात्री हवी होती.”

“मग?”

“फिल्म ओली होती. वाळायला टांगली. ती वाळेपर्यंत तो गेला.”

कोपऱ्यात नाव होतं. कडू पावरा, वय ३१. तारीख चोवीस वर्षांपूर्वीची.

चोवीस वर्षं. हा माणूस आपली चूक वरच्या खणात ठेवून बसला होता. कुलूपसुद्धा नाही.

“वर्षाने त्याची बायको आली,” शिरसाट म्हणाले. “डोंगरातून. म्हणाली, घरात त्यांचा एकही फोटो नाही. भिंतीला लावायचाय. तुम्ही काढला होता ना, तो द्या.”

“काय दिलंत तिला?”

“हाच हातात दिला. परत देण्याआधी खूप वेळ बघत होती. चेहरा शोधत होती.”

अकोलकरने फिल्म खाली घेतली. पाकिटात घालून खणात ठेवली.

पलंगाशी सिकंदर आता नीट श्वास घेत होता. भाऊ दबकत जवळ आला. “साहेब... तो फोटो राहिला.”

अकोलकरने चिठ्ठीकडे पाहिलं. मग शिरसाटांकडे. या वेळी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

शिरसाटांनी खण बंद केला.

“आता काढ.”